स्मारकामागचा माणूस
सीगफ्रीड ससूनच्या आठवणीतील विल्फ्रेड ओवेन

‘ससून’ हे आडनाव आपल्या वाचकांना परके नाही. पुण्यात ज्यांचे आप्त आजारी पडले त्यांना ससून रुग्णालय ठाऊक असते. आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांना कुलाब्याची ससून गोदी घरच्यासारखी आहे. मुंबईत शिकलेल्या अनेकांनी काळा घोड्याजवळच्या डेव्हिड ससून ग्रंथालयात केव्हातरी पुस्तक उघडलेले असते. बगदादहून मुंबईस आलेल्या ज्या यहुदी घराण्याची ही नावे, त्या घराण्याचे मूळ पुरुष डेव्हिड ससून १८६४ साली पुण्यात निवर्तले. सीगफ्रीड ससून (१८८६-१९६७) हा त्यांचा पणतू. त्याच्या वडिलांनी ख्रिस्ती स्त्रीशी विवाह केला आणि घराण्याने त्यांना दूर केले. त्यामुळे हा मुलगा इंग्लंडच्या केंट परगण्यात, आईच्या छायेत, घोडे, क्रिकेट आणि कविता ह्यांच्या संगतीत वाढला. मुंबईच्या व्यापाराचा त्याच्याशी संबंध उरला तो आडनावापुरताच.

पहिल्या महायुद्धातील इंग्रजी कवितेत ससूनचे नाव अग्रभागी घेतले जाते. त्याच्या कवितेपेक्षा थोर मानली गेलेली कविता मात्र त्याच्या एका मित्राने लिहिली. तो मित्र म्हणजे विल्फ्रेड ओवेन (१८९३-१९१८). युद्ध थांबण्यास अवघा एक आठवडा उरला असताना, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो रणांगणावर पडला. ससून मात्र पुढे जवळजवळ एकोणपन्नास वर्षे जगला. मित्राच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी, १९४५ साली, त्याचे ‘सीगफ्रीड्स जर्नी’ हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. त्यातील ओवेनविषयीची पाने हा ह्या लेखाचा विषय आहे. वाचलेला सैनिक गेलेल्या सोबत्याविषयी इतक्या वर्षांनी काय लिहू शकतो, आणि काय लिहिणे त्याचे कर्तव्य ठरते, ह्या प्रश्नाच्या अनुषंगाने मी ती पाने वाचणार आहे.

प्रथम घटनांचा थोडक्यात परामर्श घेऊ. हे दोघे एका खंदकात कधी लढले नाहीत. ससून रॉयल वेल्श फ्युझिलियर्समध्ये होता, ओवेन मँचेस्टर रेजिमेंटमध्ये. दोघांची गाठ पडली ती एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट ह्या लष्करी रुग्णालयात, १९१७ च्या ऑगस्टमध्ये. स्फोटांच्या आणि संहाराच्या आघाताने ज्यांच्या मनाचा तोल गेला अशा अधिकाऱ्यांवर तेथे उपचार होत. ओवेन जूनमध्येच तेथे दाखल झाला होता. ससूनची गोष्ट निराळी होती. शौर्याबद्दल मिलिटरी क्रॉस मिळालेल्या ह्या अधिकाऱ्याने, हे युद्ध सत्ताधारी जाणूनबुजून लांबवीत आहेत असे जाहीर पत्रक काढून लढण्यास नकार दिला होता. ३० जुलै १९१७ रोजी ते पत्रक ब्रिटिश संसदेत वाचले गेले. लष्करी न्यायालयापुढे उभे करण्याऐवजी सरकारने त्याला मनोरुग्ण ठरवून रुग्णालयात धाडले. त्याच्यावर उपचार करणारे डॉ. रिव्हर्स हे मानववंशशास्त्राचेही मोठे अभ्यासक होते. आपल्या निलगिरीतील तोडा जमातीवरील त्यांचा ग्रंथ १९०६ सालचा आहे.

ह्या रुग्णालयात ओवेन एके दिवशी ससूनच्या दारावर थाप देऊन आत गेला. ससूनचा ‘द ओल्ड हंट्समन’ हा काव्यसंग्रह त्याच वर्षी निघाला होता. त्याच्या काही प्रती स्वाक्षरीसाठी ओवेनच्या काखेत होत्या. पुढचे अडीच-तीन महिने दोघे भेटत राहिले. ओवेन कविता दाखवी, ससून दुरुस्त्या सुचवी. ‘अँथम फॉर डूम्ड यूथ’ ह्या प्रख्यात सुनीताच्या हस्तलिखितांवर ससूनच्या हातच्या खुणा आजही पाहावयास मिळतात. नोव्हेंबरच्या आरंभी ओवेन तेथून निघाला तेव्हा ससूनने त्याच्या हाती एक बंद पाकीट दिले. त्यात दहा पौंडांची नोट आणि लंडनमधील रॉबर्ट रॉस ह्या साहित्यिक मित्राचा पत्ता होता. हे आपल्याला ओवेनच्याच पत्रावरून समजते. पुढे ऑगस्ट १९१८ मध्ये दोघे लंडनला एकदा भेटले, ती शेवटची भेट. ४ नोव्हेंबर १९१८ रोजी फ्रान्समधील ऑर्स गावाजवळ सांब्र-वाझ कालवा ओलांडण्याच्या लढाईत ओवेन ठार झाला. त्याच्या मृत्यूची तार श्रूझबरीतील आईवडिलांच्या घरी पोहोचली ती ११ नोव्हेंबरला. युद्धविरामाच्या आनंदाने त्या वेळी गावात घंटा वाजत होत्या.

एवढीच ह्या मैत्रीची कालमर्यादा आहे. सारा सहवास काही महिन्यांचा, आणि स्मरण पन्नास वर्षांचे. हे स्मरण एकसारखे राहिलेले नाही, ह्याकडे मला विशेष लक्ष वेधावयाचे आहे. त्याचे तीन टप्पे दिसतात.

पहिला टप्पा १९२० चा. त्या वर्षाच्या अखेरीस ओवेनच्या कवितांचे पहिले पुस्तक निघाले. संपादनाचे पुष्कळसे काम ईडिथ सिटवेल ह्या कवयित्रीने केले होते, प्रस्तावना ससूनची होती. ही प्रस्तावना इतकी त्रोटक आहे की वाचक बुचकळ्यात पडतो. जिवलग मित्र म्हणून ओवेनविषयी चार आठवणी ससून सांगेल अशी आपली अपेक्षा असते. तो त्या देण्याचे साफ नाकारतो. ओवेनमध्ये जे बलवत्तर होते ते त्याच्या कवितांत उरले आहे. त्याचे दिसणे, वागणे, बोलणे ह्यांच्या वरवरच्या नोंदी अप्रस्तुत आणि अशोभनीय ठरतील, अशा आशयाचे विधान करून तो बाजूला होतो.

दुसरा टप्पा १९३६ चा, आणि तो अधिक चमत्कारिक आहे. ससूनने आपल्या युद्धानुभवावर जॉर्ज शेरस्टन नावाच्या कल्पित नायकाच्या मिषाने तीन पुस्तके लिहिली. त्यांपैकी ‘शेरस्टन्स प्रोग्रेस’ ह्या तिसऱ्या पुस्तकाचा आरंभीचा भाग त्या रुग्णालयातच घडतो. डॉ. रिव्हर्स तेथे आपल्या खऱ्या नावानिशी वावरतात. रुग्णालयातील दिनक्रम आहे, गोल्फ आहे, रात्री झोपेत ओरडणारे अधिकारी आहेत. फक्त ओवेन नाही. शेरस्टन हा कवी नसून शिकारीची आवड असलेला साधा गृहस्थ आहे, तेव्हा कथेत कवीला जागा कशी असणार, असे ह्याचे उत्तर देता येते. ते तांत्रिक दृष्ट्या बरोबरही आहे. तथापि ह्याच मालिकेच्या पहिल्या पुस्तकात, १९१६ साली मारला गेलेला ससूनचा दुसरा तरुण मित्र डेव्हिड थॉमस हा डिक टिल्टवूड ह्या नावाने आलेला आहे. म्हणजे एका मित्राला मुखवटा घालून कथेत आणणे लेखकाला शक्य झाले. ओवेनला मुखवटा घालणे त्याला शक्य झाले नाही, किंवा त्याने ते केले नाही. माझ्या मते ही अनुपस्थिती विस्मरणातून आलेली नाही. ज्याच्याविषयी खरे बोलावयाचे आहे त्याला खोटे नाव देऊन वावरू द्यावे, हे ससूनला मानवले नसावे.

तिसरा टप्पा १९४५ चा. १९२० साली जे अशोभनीय वाटले होते, नेमके तेच ससून आता लिहितो. ओवेन कसा दिसे, कसा बोले, दारात कसा अडखळत उभा राहिला, सारे तो नोंदवितो. टीकाकाराने ह्या बदलाचे कारण शोधले पाहिजे.

मला ते असे दिसते. १९२० साली ओवेनचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. जगाला त्याची कविता मिळणे आवश्यक होते आणि ससूनने ती पुढे करून स्वतः मागे राहणे पसंत केले. पंचवीस वर्षांत चित्र पालटले. १९३१ साली एडमंड ब्लंडनने ओवेनच्या कवितांची मोठी आवृत्ती चरित्रात्मक परिचयासह काढली आणि पुढच्या पिढीच्या कवींनी ओवेनला आपला पूर्वसूरी मानले. तो आता कीर्तिवंत झाला होता, युद्धात बळी गेलेल्या साऱ्या तारुण्याचे प्रतीक झाला होता. माणूस प्रतीक झाला की त्याचा चेहरा पुसट होत जातो. ज्यांनी त्याला कधी पाहिले नाही तेही त्याच्याविषयी अधिकाराने बोलू लागतात. अशा वेळी ज्याने त्याला डोळ्यांनी पाहिले त्याच्यावर एक वेगळे ऋण येऊन पडते. कविता जगाच्या स्वाधीन झाली होती. दारावरची ती हलकी थाप मात्र ससूनवाचून दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हती, आणि त्याने ती लिहून ठेवली नसती तर त्याच्याबरोबरच गेली असती.

आता प्रत्यक्ष चित्राकडे वळू. ससून खिडकीजवळ पलंगावर बसून आपल्या गोल्फच्या काठ्या पुसत आहे. दार वाजते. बुटका, काळ्या केसांचा, संकोची तरुण आत येतो. काखेत आपल्याच पुस्तकाच्या प्रती पाहून ससून सुखावतो, आणि तसे सुखावल्याचे तो लपवीत नाही. बोलण्यात किंचित अडखळणारा हा तरुण त्याला चारचौघांसारखा, काहीसा गावंढळ वाटतो. तो कविता करतो हे कळल्यावरही त्या कविता फार चांगल्या असतील असे ससूनला वाटत नाही. ससूनची अगदी प्रथमची नोंद ही अशी वरच्या पायरीवरून पाहणाऱ्या माणसाची आहे. कवी म्हणून नाव झालेला, वयाने सहा-सात वर्षांनी मोठा, वरच्या वर्गातला ससून. आणि समोर रेल्वेच्या नोकरदाराचा मुलगा.

सत्तावीस वर्षांनी लिहिताना हे सारे गाळणे किती सोपे होते! मित्र कीर्तिशिखरावर पोहोचलेला, साक्षीदार कोणी नाही. पहिल्या भेटीतच मी त्याची प्रतिभा ओळखली, असे ससूनने लिहिले असते तर कोणी खोडून काढू शकले नसते. साहित्यविश्वात असे दावे करणारे पुष्कळ असतात. ससून तसे करीत नाही. ओवेनची कल्पनाशक्ती आपल्यापेक्षा विशाल होती हे ध्यानी येण्यास मला वेळ लागला, अशी कबुली तो देतो. आपल्या प्रभावाविषयी बोलतानाही त्याचा हात आखडता आहे. करुणा आणि वास्तव ह्यांची सांगड घालून लिहिण्यास मी त्याला प्रवृत्त केले असेन, ह्यापलीकडे तो फारसे श्रेय घेत नाही. मित्राच्या आवाजाचे वर्णन करताना मात्र त्याची लेखणी सैल सुटते. तो मऊ, मखमली आवाज ऐकताना त्यातील मार्दव आणि ओवेनच्या कवितेतील नादमाधुर्य ही एकाच उगमातून आली आहेत, असे त्याला जाणवले होते. कवितेविषयीचे हे विधान कवितेवरून कधीच करता आले नसते. त्यासाठी तो आवाज ऐकलेला कानच हवा.

ह्या चित्रात एक चूकही आहे. ही भेट ऑगस्टच्या आरंभी झाली असे ससून लिहितो. ओवेनच्या पत्रांवरून ती महिन्याच्या मध्यानंतरची ठरते. चरित्रकारांनी ही चूक दाखवून दिली आहे आणि ते योग्यच आहे. परंतु अशा चुकीमुळे मला त्या पानांवरचा विश्वास कमी करावासा वाटत नाही. तारीख चुकली, काखेतली पुस्तके आणि हातातली काठी चुकली नाही. स्मृती पंचांगाप्रमाणे चालत नसते, हे कबुलीजबाब ऐकण्याच्या जागी बसणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूला अनुभवाने ठाऊक असते. माणसे दिवस विसरतात, आपण त्या क्षणी कसे वागलो हे विसरत नाहीत.

सेमिनरीत शिकलेल्या वाचकाला येथे संत ऑगस्टीन ह्यांच्या ‘कन्फेशन्स’ ह्या ग्रंथाच्या चौथ्या खंडाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. तारुण्यात निवर्तलेल्या एका जिवलग मित्राची हकिकत त्यांनी वीसहून अधिक वर्षांनी तेथे सांगितली आहे. तो मित्र तापात बेशुद्ध असताना त्याला स्नानसंस्कार देण्यात आला. शुद्धीवर आल्यावर ऑगस्टीन ह्यांनी त्या गोष्टीची थट्टा केली. मित्रही आपल्यासोबत हसेल अशी त्यांची कल्पना होती. मित्राने त्यांना कठोर शब्दांत गप्प केले, आणि पुढे काही दिवसांतच, ऑगस्टीन जवळ नसताना, तो मरण पावला. शोकाचे ते पुढील वर्णन जगप्रसिद्ध आहे. त्या वर्णनाला वजन येते ते आधीच्या थट्टेमुळे, असे मला नेहमी वाटत आले आहे. आपण ज्याला गमावले त्याला, तो असताना, आपण पुरते ओळखले नव्हते, हे शल्य त्या शोकाच्या मुळाशी आहे. ससूनच्या पानांतही तेच आहे. दावीद राजाने योनाथानसाठी केलेला विलाप आपल्याला अधिक परिचित आहे. त्यात स्तुती आहे, प्रेम आहे, आक्रोश आहे. तो मृत्यूच्या वार्तेबरोबर फुटलेला हुंदका आहे. त्यात आत्मपरीक्षणाला अवसर नाही, आणि त्या क्षणी तो असण्याची अपेक्षाही कोणी करू नये. आत्मपरीक्षणाला काळ जावा लागतो. म्हणूनच वर्षांनंतरच्या स्मरणाला शोकगीताहून वेगळा साहित्यप्रकार मानले पाहिजे.

येथपर्यंत मी ससूनच्या बाजूने बोललो. आता एक अवघड प्रश्न उपस्थित करणे भाग आहे. ओवेन पुन्हा रणांगणावर का गेला? आणि ह्या जाण्यात ससूनचा वाटा किती?

युद्ध अन्याय्य ठरले आहे असे जाहीर करणारा ससून स्वतःच, खंदकात राहिलेल्या आपल्या माणसांना सोडवेना म्हणून, नोव्हेंबर १९१७ मध्ये पुन्हा सेवेत रुजू झाला. जुलै १९१८ मध्ये फ्रान्समध्ये त्याच्याच पलटणीतील एका सार्जंटच्या हातून चुकून सुटलेली गोळी त्याच्या डोक्याला चाटून गेली आणि तो मायदेशी परतला. त्या सुमारास ओवेनने आईला लिहिलेली पत्रे वाचली, तर ससूनची रिकामी झालेली जागा आपण भरून काढली पाहिजे, सैनिकांच्या वतीने बोलणारा एक आवाज गेला तर दुसरा तेथे हवा, ही भावना स्पष्ट दिसते. ससूनचा ह्या जाण्याला कडाडून विरोध होता. तू निघालास तर तुझ्या पायात सुरा खुपसून तुला जायबंदी करीन, अशी त्याची प्रेमळ धमकी ओवेनने नोंदवून ठेवली आहे. म्हणूनच की काय, ओवेनने ही बातमी त्याला फ्रान्समध्ये पोहोचल्यावरच कळविली. दुसऱ्या बाजूस, सप्टेंबर १९१८ मधील पत्रात ओवेन ससूनलाच स्मरण करून देतो की परत जाणे माझ्या कवितेसाठी चांगले होईल असे तूच म्हणाला होतास, आणि तेवढाच आता मला आधार आहे.

हे वाक्य वाचून कोणाही वाचलेल्या माणसाची झोप उडावी. कवितेच्या गप्पांच्या ओघात, कदाचित सहज, एक मित्र काहीतरी बोलून जातो. ते वाक्य दुसरा मित्र आघाडीवर, तोफांच्या माऱ्यात, उराशी धरून बसतो. क्रेगलॉकहार्टहून निघाल्यावर लिहिलेल्या पत्रात ओवेनने ससूनची तुलना कोणाकोणाशी केली होती ते पाहावे. कवी कीट्स, प्रभू ख्रिस्त, एलिया संदेष्टा, आपला कर्नल आणि आपले पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू, इतकी नावे त्याने एका दमात घेतली आहेत. त्यात तरुणाची अतिशयोक्ती आहे, थट्टाही आहे. परंतु ज्याला दुसऱ्याने कर्नलच्या आणि धर्मगुरूच्या जागी बसविले आहे, त्याचा सहज उद्गारही आज्ञेसारखा ऐकला जातो. हे मी टीकाकार म्हणून म्हणत नाही, त्या जागेवर बसणारा माणूस म्हणून म्हणतो. आपण विसरून गेलेले आपले एखादे वाक्य दहा वर्षांनी एखादा तरुण ‘फादर, तुम्हीच म्हणाला होता’ असे म्हणून परत आणून देतो, तेव्हा काय वाटते ते मला ठाऊक आहे.

ओवेनच्या जाण्याची जबाबदारी मी ससूनवर टाकीत नाही. ओवेन प्रौढ होता, अधिकारी होता, आणि त्याची सद्सद्विवेकबुद्धी त्याची स्वतःची होती. मला म्हणावयाचे आहे ते स्मरणाच्या मर्यादेविषयी. ससूनने आपली वाङ्मयीन चूक मोकळेपणाने कबूल केली. मी त्याची प्रतिभा उशिरा ओळखली, हे सांगताना त्याला फारसे सायास पडले नसावेत, कारण त्या चुकीने कोणाचा प्राण गेला नव्हता. दुसरा प्रश्न मात्र कोणत्याही आत्मकथनाने सुटणारा नाही. मी नसतो तर तो जगला असता काय, ह्याचे उत्तर कागदावर लिहून मिळत नाही. आयुष्याच्या उत्तरकाळात, ओवेनच्या मृत्यूची जखम कधी भरली नाही, आपल्याला त्याच्या कविता नव्हे तर तोच परत हवा होता, अशा अर्थाचे ससूनने लिहून ठेवले आहे. एका कवीने दुसऱ्या कवीविषयी असे म्हणावे ह्यात सारे आले. कविता चांगली झाली हे समाधान अखेर त्याच्या कामी आले नाही.

ओवेनची आठवण जपणारी आणखी एक व्यक्ती होती, त्याची आई. अखेरच्या निरोपाच्या वेळी ओवेनने तिच्यापाशी रवींद्रनाथ टागोरांच्या ‘गीतांजली’तील निरोपाच्या ओळी म्हटल्या होत्या. पुढे त्याच्या टिपणवहीतही त्या ओळी, खाली टागोरांचे नाव घातलेल्या, तिला आढळल्या. १९२० साली तिने टागोरांना पत्र लिहून ती संपूर्ण कविता कोणत्या पुस्तकात मिळेल अशी पृच्छा केली. आईला शेवटचे शब्द आठवतात आणि सोबत्याला पहिली भेट आठवते. आईच्या स्मरणात मुलाचे मोठेपण आहे, सोबत्याच्या स्मरणात त्या मोठेपणाकडे आपण कसे दुर्लक्ष केले त्याची नोंद आहे. दोन्ही साक्षी एकत्र ठेवल्याखेरीज माणूस पुरा होत नाही.

धर्मगुरूने हे लिहिताना एका गोष्टीला बगल देता येणार नाही. ज्या सुनीतावर ह्या दोघांनी मिळून काम केले, ते आपल्या धार्मिक उपचारांना फार कठोर प्रश्न विचारते. ज्यांना मरताना माणूस म्हणून वागविले गेले नाही त्यांच्यासाठी मागाहून घंटा, प्रार्थना आणि गायकवृंद कशाला, असा तो प्रश्न आहे. ओवेन धर्माला अपरिचित नव्हता. १९११ ते १९१३ ह्या काळात तो एका अँग्लिकन धर्मगुरूच्या घरी राहून धर्मग्रामाच्या कामात मदत करीत होता आणि श्रद्धा डळमळल्यावर तेथून बाहेर पडला होता. दर नोव्हेंबरात मृतांची नावे वाचताना त्याची ही कविता मला अस्वस्थ करते आणि ते योग्यच आहे असे मी मानतो. बेंजामिन ब्रिटन ह्या संगीतकाराने १९६२ साली कॉव्हेंट्रीच्या नव्या कॅथेड्रलसाठी ‘वॉर रेक्विएम’ रचले, तेव्हा मृतांसाठीच्या मिस्साच्या लॅटिन पाठांशेजारी त्याने ओवेनच्या कविता ठेवल्या, हे सुनीत त्यांत पहिले. प्रार्थनेला विचारलेला प्रश्न प्रार्थनेच्या पोटातच बसविला गेला, ह्याहून अधिक सन्मान त्या कवितेचा झाला नसता.

ससून १९५७ साली, सत्तर वर्षांचा असताना, कॅथलिक ख्रिस्तसभेत आला आणि सॉमरसेटमधील मेल्स गावी, मॉन्सिन्योर रोनाल्ड नॉक्स ह्यांच्या कबरीजवळ त्याला चिरविश्रांती लाभली. आपल्या वर्तुळात ह्या घटनेचा उल्लेख अभिमानाने केला जातो. मला तो अभिमान मान्य आहे, परंतु तिच्या उजेडात १९४५ ची पाने वाचण्याचा मोह टाळावा असे मी सुचवीन. त्या पानांत देव फारसा येत नाही. त्यांत आहे तो प्रामाणिकपणा, आणि तो ससूनने कोणताही संस्कार घेण्यापूर्वी बारा वर्षे कमावलेला होता. त्याचे श्रेय त्याला द्यावे, आपण घेऊ नये.

शेवटी एक अनुभव सांगून हा लेख आवरता घेतो. आमच्या धर्मग्रामात लष्कराच्या सिग्नल दळातून निवृत्त झालेले एक वृद्ध होते. १९७१ च्या युद्धात ते पश्चिम सीमेवर होते. दर वर्षी मृतांच्या स्मरणदिनी ते आपल्या एका पंजाबी सोबत्यासाठी मिस्साचा हेतू देत. तो सोबती ख्रिस्ती नव्हता, आणि तो चालेल ना, फादर, असे ते दर वर्षी नव्याने विचारीत. मी त्यांना एकदोनदा त्या लढाईविषयी विचारले. त्यावर ते एवढेच सांगत की तो रात्री पहाऱ्यावर जाण्यापूर्वी बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधायचा, आणि आम्ही त्याला हसायचो. हे त्यांनी मला तीन-चार वेळा सांगितले असेल. मला युद्धाची हकिकत हवी होती. म्हाताऱ्या माणसाची स्मृती क्षुल्लक गोष्टींत अडकून पडते, असे मनाशी म्हणून मी विषय बदलत असे.

ते वारले त्यानंतर दीड-दोन वर्षांनी मी ‘सीगफ्रीड्स जर्नी’ पुन्हा वाचावयास घेतले आणि त्या गोल्फच्या काठ्यांपाशी थांबलो. ‘आम्ही त्याला हसायचो’ हे त्या वृद्धांचे शब्द मी इतकी वर्षे ऐकले होते, आणि त्यांतला ‘आम्ही’ माझ्या कानावरून निघून गेला होता. ते मला युद्धाचीच हकिकत सांगत होते. त्या सोबत्याचे नाव मिस्साच्या वहीत आहे आणि ह्या नोव्हेंबरातही मी ते वाचले. हेतू देणारे आता कोणी उरलेले नाही.